चोकवरची वरची तार

चिमाबाईला घरी धाडली, त्यात माझं काय चुकलं सांगा की!

आमचे हे सोलापुरात मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात. घरी रेडिओ बांधायचं खूळ. रेडिओ नुसता घूं करायचा. ते घुमणं मारायला चोक पाहिजे म्हणे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार भरायला शेजारची चिमाबाई आपला रहाट घेऊन आली, विणकराची विधवा, रहाटावर सुताच्या कांड्या भरणारी. ह्यांचं आपलं चालूच, "काय हात हाय चिमाबाई तुमचा! तार तुटत न्हाय की." माझ्या भाकरीला लग्नापासनं असं कधी म्हणले न्हाईत. अंगाचा नुसता जाळ झाला.

एक दिवस हे कामावर गेल्यावर मी म्हणलं, "बास, उरलेली मी भरते."

"अक्का, अर्धी झालीया, मीच..."

"घरी जावा!"

गेली. मी डावरी, म्हणून रहाटाच्या पल्याड बसले अन् भरली. एकदाबी तार तुटली न्हाय. आता हे माझ्या हाताला तसंच म्हणणार, एवढीच माझी आस.

संध्याकाळी हे आल्यावर सांगितलं, उरलेली मीच भरली. मग पट्ट्या बसवून ह्यांनी विजेच्या दिव्याच्या वाटेत चोक जोडला, मीटर लावलं. म्हणले, "चोक वीज अडवतो. दिवा पेटला न्हाय तर चोक खरा. किती अडवतो ते मीटरवरनं काढायचं, त्याला हेन्री म्हणतात."

दिवा लख्ख पेटला. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"रहाट कुटं बसून फिरवलास?"

मी बसून दाखवलं.

"अगं, उलटी भरलीस! तिचे वेढे एका अंगानं फिरलेत, तुझे उलट्या अंगानं, दोन्हींनी एकमेकांचा जोर मारला. तिनं केलेलं तू सगळं पुसलंस."

"मग तिची काढा की!"

"तिची आत हाय. वरची तुझी."

मेलं नशीब! माझी तार मीच उलगडली, वेढ्यामागनं वेढा. मी म्हणलं, आता सरळ बसून भरते. "नको, आता जोखीम नको, चिमाबाईला हाक मार," म्हणले. हाक मीच मारली. ती आली, बसली अन् भरून गेली.

पुन्हा दिवा जोडला. पेटला न्हाय. मीटर बघून हे असे हसले, असे हसले, तसं हसणं मी लग्नाच्या मांडवातबी बघितलं न्हवतं.