मेव्हणा घरी आहे

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, हे एबेर लारोसा मोंतेविदेओच्या बसमध्ये पस्तीस वर्षं तिकिटं फाडताना शिकला होता. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी "घरी कोण असतं?" असं विचारलं तेव्हा पापणीही न हलवता तो म्हणाला, "मेव्हणा आहे. नेल्सन. खाली टॅक्सी घेऊन थांबलाय." नेल्सनला जाऊन सहा वर्षं झाली होती. बायको तर त्याच्याही आधी गेली.

बाईंनी उगाच विचारलं नव्हतं. एबेरच्या मानेतली डावी शीर जवळजवळ बुजली होती, ती त्यांनी आत जाळी बसवून मोकळी केली. पण वर्षानुवर्षं थेंबथेंब रक्तावर भागवणाऱ्या मेंदूत आता एकदम लोंढा शिरला होता. कानशिलावर यंत्र टेकवून बाईंनी वेग मोजला, तो आधीच्या अडीचपट निघाला. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की या आठवड्यात डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. डावीकडे डोकं दुखलं की तोच इशारा, लगेच कळवायचं. आणि माणूस एकटा राहत असेल तर आठवडाभर इथंच मुक्काम.

नेमकं तेच त्याला नको होतं. भेटायची वेळ झाली की शेजारच्या खाटांभोवती लेकीसुना, नातवंडं, थर्मास घेऊन आलेले दोस्त असा गोतावळा जमायचा. याच्या खाटेजवळची खुर्ची "रिकामीच आहे ना?" म्हणून कुणीतरी उचलून न्यायचं. तीन दिवस त्यानं झोपेचं सोंग घेतलं. मरण परवडलं, पण ते सोंग नको, असं त्याला झालं होतं.

बाईंनी त्याला घरी सोडलं, पण सुल्मा नावाची नर्स रोज संध्याकाळी सातला मेव्हण्याला फोन करणार होती. घरात फोन एकच. पहिल्या दिवशी एबेरनं नेल्सनचा घोगरा आवाज काढला आणि तो असा जमला की त्याचा त्यालाच शहारा आला. "काय सांगू सिस्टर, भलता हट्टी म्हातारा आहे. मीठ कमी पडलं तर माझ्यावरच डाफरतो." सुल्मा हसली. गोळ्या वेळेवर घेतो का, ब्लडप्रेशर मोजता का, सगळं तिनं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी एबेर सहापासूनच फोनजवळ बसला, स्वतःविरुद्ध आज कोणती तक्रार करावी याचा विचार करत. एवढी काळजी त्याची कितीतरी वर्षांत कुणी केली नव्हती, आणि ती करणाराही तोच. त्याला स्वतःची कीव आली.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी डोकं ठणकायला लागलं. येर्बा सुटल्याचं असणार, तो स्वतःशीच म्हणाला. ब्लडप्रेशर चढतं म्हणून बाईंनी घरी सोडताना येर्बा बंद केली होती, आणि जन्मभर सकाळ-संध्याकाळ तो कडू काढा नळीनं ओढणाऱ्या माणसाचं डोकं चार दिवसांत धरणारच, हे उरुग्वेत शेंबडं पोरही सांगेल. त्यानं पाणी तापवलं, येर्बा भरली, अख्खा थर्मास रिकामा केला. येर्बाचं दुखणं चार घोटांत उतरतं. हे उतरेना. डाव्या डोळ्यामागे घण पडत होते. ब्लडप्रेशरचं मशीन समोरच होतं, पण त्यानं ते लावलं नाही. आकडा दिसला असता तर मान्य करावं लागलं असतं.

सातला फोन वाजला. सुल्मानं विचारलं, "काय नेल्सनकाका, आज काय म्हणतो तुमचा म्हातारा?"

ठणठणीत आहे, असं तो सांगणार होता. पण स्वतःच्या तोंडानं जे बोलवत नव्हतं, ते नेल्सनच्या तोंडून निघून गेलं. "त्याचं डोकं दुखतंय, सिस्टर. दुपारपासून. डावीकडे."

सुल्माचा आवाज बदलला. ॲम्ब्युलन्स पाठवते, म्हणाली. मग त्यांना दोन्ही हात वर करायला सांगा, असं तिनं फर्मावलं. एबेरनं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि हात वर केले. उजवा आपोआप खाली आला. तसं त्यानं तिला सांगितलं.

"त्यांच्या शेजारी बसा, काका. हात धरा त्यांचा. क्षणभरही एकटं सोडू नका."

त्यानं खोलीभर नजर फिरवली. घोगरा आवाज आता निघेना.

"सिस्टर, त्याच्याजवळ कुणीच नाहीये."

"मग तुम्ही कोण?"

"एबेर."

सुल्मा रागावली नाही. दार उघडून या, फोन ठेवू नका, आणि गाडी येईपर्यंत माझ्याशी बोलत राहा, एवढंच ती म्हणाली. भिंतीला धरून तो दारापर्यंत गेला, कडी काढली आणि परत आला. काय बोलू, असं त्यानं विचारलं.

"काहीही. नेल्सनबद्दल सांगा."

सहा वर्षांत सांगण्यासारखं किती साठलं होतं, आणि आज कुणीतरी आपणहून विचारत होतं. एबेरनं तोंड उघडलं. सगळं आठवत होतं, नेल्सनचं हसू, त्याच्या शिव्या, त्याचा शेवटचा रविवार. शब्द मात्र एकही हाताला लागेना; उजव्या हातासारखे तेही ऐकेनासे झाले होते.

"मी आहे," सुल्मा म्हणत होती. "सावकाश सांगा. मी ऐकतेय."