दहा वर्षांहून जुना

आमच्या कर्टिसला एक खोड आहे. कुणाला काही विचारायच्या आधीच तो समोरच्याचं उत्तर ठरवून टाकतो, आणि ते उत्तर नेहमी 'नाही' असतं. बँक नाही म्हणेल, शाळा नाही म्हणेल, लोक हसतील. मग तो लपूनछपून दुसरी वाट काढतो. चाळिशी उलटली, घरांची छपरं घालायचा स्वतःचा धंदा आहे, हाताखाली माणसं आहेत, तरी तोंड उघडून सरळ विचारायची हिंमत नाही. माझ्या पोटी हे कुठून आलं मला कळत नाही. मी तर विचारत पण नाही, सांगते.

दर वर्षी चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, आम्ही ड्युई म्हाताऱ्याच्या नदीकाठच्या गवताच्या रानात ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, लावतो. फाटकाला कॉफीचा रिकामा डबा बांधलेला असतो. त्यात रात्रीचे पंधरा डॉलर टाकायचे, हातपंपाचं पाणी भरून घ्यायचं, आणि डास चावले तर तक्रार नदीकडे करायची. यंदा कर्टिस म्हणाला, "आई, या वेळी केल्सीचे आईवडील येतायत. त्यांची गाडी त्या रानात वळायची नाही. मी चांगल्या ठिकाणी जागा घेतलीय." केल्सी म्हणजे माझी सून.

चांगलं ठिकाण म्हणजे हिरव्या पाटीचा तो कॅम्प. त्यांच्या शाखा राज्याराज्यांत आहेत. कुठंही जा, तीच पाटी, तोच पोहायचा तलाव, सकाळी तेच पॅनकेक.

"रात्रीचे किती?" मी विचारलं.

"मी भरतोय ना आई. तू कशाला विचारतेस?"

"किती?"

"पंच्याण्णव."

"पंच्याण्णव डॉलर देऊन झोपायचं, आणि गादी माझीच?"

"वीज, पाणी, मैल्याचा पाइप, सगळं ट्रेलरच्या दाराशी मिळतं. तलाव आहे."

"तलावात मी उतरले तर तुझी सासू बाहेर पळेल."

तो हसला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझा ट्रेलर एकोणीसशे शहाऐंशी सालचा. हर्शेलनी, म्हणजे माझ्या नवऱ्यांनी, तो आणला तेव्हा त्यात कोंबड्या राहत होत्या. त्यांनी तो पार हाडापर्यंत सोलला. वादळात पडलेल्या आमच्याच अक्रोडाच्या झाडाची कपाटं केली, एकाही खिळ्याचं डोकं दिसणार नाही अशी. बाहेरचा पत्रा घासून घासून असा केला की मी त्यात बघून केस विंचरायची. ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर वसंतात शिडी लावून छपराच्या सांध्यांना लेप मी देते. एक थेंब आत येत नाही.

तर मी पिकअपला ट्रेलर जोडला, केंटकीचे डोंगर उतरून टेनेसीत आले, आणि त्या हिरव्या पाटीखाली रांगेत उभी राहिले. माझ्या मागं विहीणबाईंची बसएवढी मोटार धापा टाकत होती. कर्टिस सकाळीच बायको-मुलीला घेऊन आत पोचला होता.

फाटकावर मॅनेजरबाई होत्या. डेनीज नाव, हातात चपटा कॉम्प्युटर. त्यांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा माझ्या ट्रेलरकडं.

"मिसेस स्टिडम, आमच्याकडं दहा वर्षांहून जुना ट्रेलर असला तर आधी फोटो मागवतो. तुमच्या मुलानं फोटो पाठवला होता. पण हा तो ट्रेलर नाही."

त्यांनी पडदा माझ्याकडं फिरवला. पांढराकरडा, नवाकोरा, लांबलचक ट्रेलर. पायरीखाली एक लंगडा कुत्रा झोपलेला. तो कुत्रा मी ओळखते. रोज माझ्या गुलाबांवर पाय वर करतो. शेजारच्या गेलनचा कुत्रा आणि गेलनचा ट्रेलर.

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. एवढ्यात आतून कर्टिस धावत आला. त्यानं पडदा पाहिला, मला पाहिलं, आणि मान खाली घालून बुटानं खडी उकरायला लागला. मागून विहीणबाई मार्लीन चालत आल्या. पांढरी विजार, पांढरे बूट, एक डाग नाही.

"काही अडलं का विहीणबाई?"

"अडतंय कसलं," मी म्हटलं. "या बाई माझं रूप बघत बसल्यात."

मग मी डेनीजबाईंकडं वळले, आणि माझ्या तोंडातून जे आलं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी कधी ऐकून घेतलं नसतं. मी म्हटलं, "फोटोतला माझाच आहे. चाकाचा आस मोडला म्हणून दुरुस्तीला टाकलाय. हे खटारं शेजाऱ्याकडनं उसनं आणलंय. चार दिवस चालवून घ्या."

खटारं म्हटलं मी त्याला.

डेनीजबाईंनी कॉम्प्युटर काखेत मारला. ट्रेलरभोवती फिरल्या. वाकून चाकं पाहिली, खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवलं, मागच्या शिडीवर चढून छप्पर पाहिलं. मग म्हणाल्या, "आत डोकावू का?" मी दार उघडून दिलं. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या हसतच.

"खटारं काय म्हणता! मला फोटो आला असता तर मी तिथल्या तिथं होकार दिला असता. याहून जुने ट्रेलर घेतलेत मी. तो नियम छपरावर निळी ताडपत्री बांधून येणाऱ्यांसाठी आहे हो. ती कपाटं कुणी केली?"

मी कर्टिसकडं पाहिलं. आता तरी तोंड उघडेल. बापाचं नाव घ्यायला त्याला एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. तो खडीच उकरत होता.

"त्यांचं नाव काय?" डेनीजबाईंनी पुन्हा विचारलं. "असा हात असलेला माणूस आम्हाला हवाच असतो."

"गेलन," मी म्हटलं.

गेलनला भिंतीत खुंटी ठोकता येत नाही. ठोकली तर पलीकडं शेजाऱ्याच्या फळीतून निघते. आणि मी हर्शेलच्या हातचं सगळं काम, त्या पेंगणाऱ्या माणसाच्या पदरात टाकलं, विहीणबाईंच्या देखत.

जागा त्यांनी मला चांगली दिली, सावलीची. मी रागानं खोट काढायला बसले होते, पण खोट निघेना. सिमेंटचा ओटा इतका सपाट की चाकाखाली एक फळी सरकवावी लागली नाही. नळाला धार होती. न्हाणीघरात जमीन कोरडी, पाणी कढत, आणि ते मधेच संपत नव्हतं. मी त्या पाण्याखाली उभी राहिले आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी लाज वाटली. ड्युईच्या रानात मी बादलीनं अंग धुते आणि शहाणपणा सांगते, की पंच्याण्णव डॉलर म्हणजे मूर्खांकडून घेतलेला दंड. इथं दंड मूर्खपणाचा नव्हता. तो मी फाटकावर वेगळाच भरला होता.

दुसऱ्या दिवशी लोक ट्रेलर बघायला यायला लागले. डेनीजबाईंनीच कुणाकुणाला सांगितलं असावं. एक म्हातारं जोडपं जॉर्जियाहून आलेलं, दोघंही कपाटाच्या दारावरून हात फिरवून गेली. "गेलनला आमचा नमस्कार सांगा," म्हातारा म्हणाला. मी मान हलवली. दर खेपेला मान हलवायची, आणि आत हर्शेलची टोपी खुंटीवर टांगलेली, ती उशीखाली लपवून ठेवायची. माझ्या घरात चोर असल्यासारखी मी वावरत होते.

कर्टिस दिवसभर माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. सासऱ्यांची मोटार धुऊन दे, बर्फ आण, छत्री उभी कर. मी एकदा त्याला बाजूला घेतलं.

"तू त्या बाईंना नुसतं विचारलं का नाहीस?"

"आई, त्यांनी नकार दिला असता तर? केल्सीच्या लोकांसमोर?"

"नकार तू दिलास. त्यांनी नाही."

"झालं ना आता. आत आलीस ना? चार दिवस निभावून ने."

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे लोकांना सांगितलं तर आमच्या गावात कुणाला पटणार नाही.

संध्याकाळी मी मक्याची कणसं सोलत पायरीवर बसले होते. टेसा आली, कर्टिसची मुलगी, आठ वर्षांची. अंगावर ओला टॉवेल, केसांतून पाणी टपकतंय. माझ्याजवळ टेकली.

"आजी, हा ट्रेलर आजोबांचा आहे ना?"

"का गं?"

"बाबा म्हणाले, कुणी विचारलं तर गेलनकाकांचा आहे म्हणायचं. मी त्या जॉर्जियाच्या आजींना तसंच सांगितलं." मग तिनं आवाज खाली आणला. "आजोबांनी काही वाईट केलं होतं का?"

मी हातातलं कणीस परातीत ठेवलं. माझी नात मला विचारत होती, की तिच्या आजोबांचं नाव घ्यायला आम्ही का लाजतो. तिच्या बापाचं खोटं मी फाटकावरच उचलून धरलं होतं. माझ्याकडून ते तिच्यापर्यंत आलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "वाईट आम्ही केलं. जा, कोरडी हो."

मी आत गेले, उशीखालची टोपी काढली आणि खुंटीला टांगली. मग कणसांची परात घेऊन पलीकडं गेले. तिथं लांब टेबलावर सगळे जमले होते. केल्सी ताटल्या मांडत होती, कर्टिस जाळीवर मांस परतत होता, व्याही खुर्चीत पाय पसरून. उजेड अजून चांगला होता. डेनीजबाई त्यांच्या छोट्या गाडीतून आतषबाजीची वेळ सांगत फिरत होत्या, त्यांनाही मी हात करून थांबवलं.

"विहीणबाई, डेनीजबाई, एक सांगायचंय. तो ट्रेलर गेलनचा नाही. माझा आहे. त्यातलं सगळं काम माझ्या नवऱ्यांनी केलंय, हर्शेल स्टिडम यांनी. फाटकावर मी खोटं बोलले."

केल्सी कर्टिसकडं बघायला लागली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरूनच कळलं. डेनीजबाईंनी टोपी काढली आणि म्हणाल्या, "मग मी चुकीच्या माणसाचं कौतुक करत हिंडले की." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्लीनबाईंनी मक्याचं एक कणीस उचललं.

"मला फाटकावरच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दार उघडताना त्याला खाली कमरेनं धक्का दिलात, न बघता. उसन्या ट्रेलरचं दार असं कोण उघडतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही बोललात. मी कशी बोलणार?"

या बाईला मी गेली दहा वर्षं भरजरी बाहुली म्हणत आले. आणि दोन दिवस ती माझी लाज झाकून बसली होती, माझ्याच तोंडावर, मला न कळू देता. मला तिथं उभं राहवेना. पण जे बोलायचं होतं ते अजून राहिलं होतं. मी जाळीकडं वळले. कर्टिसच्या हातातला चिमटा थांबला होता, मांस करपत होतं.

"आई, सगळ्यांसमोर नको," तो म्हणाला.

"सगळ्यांसमोरच," मी म्हटलं. "ऐक कर्टिस. ही जागा पंच्याण्णव डॉलरच्या लायकीची आहे. जमीन सपाट, पाणी गरम, आणि बाई अशी की जुन्या वस्तूकडं नीट बघते. मी आजवर नावं ठेवली, ते चुकलं माझं. या लोकांनी मला आत घेतलं असतं. तूच तुझ्या बापाला बाहेर ठेवलंस, आणि मी तुला मदत केली, म्हणून तुझ्यावर ओरडायचा हक्क मला उरलेला नाही. पण एक सांगते. माझ्या ट्रेलरची लाज वाटत असेल तर मला सांग, मी ऐकून घेईन. त्या पोरीला नको शिकवूस. आता तो चिमटा ठेव आणि तिच्याकडं जा. तिला सांग, आजोबांनी काही वाईट केलं नव्हतं. तुझ्या तोंडानं सांग."