सापाच्या खोलीतलं पाणी

मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं, म्हणजे नेमकं काय बघायचं? संभाजीला विचाराल तर मजले, गाड्या आणि फरशी. अंथुर्ण्याहून बारामतीला येईपर्यंत त्यानं बोलेरोत मुलाच्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या, बंगल्याचं इतकं कौतुक केलं, की त्याच्या थोरल्या बहिणीचे, प्रयागबाईचे, कान किटले. संभाजीची माधवी चार वर्षांची असताना तिची आई गेली. पोरीला न्हाऊमाखू घालून बीएस्सीपर्यंत आणलं ते या आत्यानं. माधवीला मुलगा बरा वाटला होता. "बाकीचं तू बघून ये, आत्या," एवढंच ती म्हणाली होती. म्हणजे सगळा भार आत्याच्या डोळ्यांवर, आणि ते डोळे फरशीनं दिपणारे नव्हते.

बंगला होता खरा झकास. सोफ्यावर बसलं की माणूस आत रुतायचा, उठायला दुसऱ्याचा हात लागायचा. पोहे झाले, चहा झाला. मग आप्पासाहेबांचा धाकटा दिग्विजय, जो नवरदेव व्हायला निघाला होता, म्हणाला, "चला, माझे साप दाखवतो."

प्रयागबाईनं जन्मभर साप पाहिले होते. उसाच्या फडात, गोठ्यात, एकदा तर पिठाच्या डब्यामागं. पण ते बिचारे आपल्या पायानं, म्हणजे पोटानं, आलेले. पैसे मोजून घरात आणलेला साप तिनं पाहिला नव्हता, म्हणून ती उठली.

खोलीला एसी होता. दोन काचेच्या पेट्यांत दोन परदेशी अजगर वेटोळं घालून पडले होते. दिग्विजयनं आधी सांगून टाकलं, की सरकारदरबारी नोंद आहे, सगळे कागद आहेत. प्रयागबाईला वाटलं, हा माणूस सापाची ओळख सातबाऱ्यासकट करून देतोय. भिंतीवर पाण्याचं मोठं फिल्टर मशीन बसवलेलं होतं.

"यांना फक्त फिल्टरचं पाणी. आपल्या बोअरचं पाणी फार जड आहे. क्षारांनी किडनी जाते यांची," असं म्हणून त्यानं क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र सापाच्या भांड्यात बुडवलं. "बघा, चाळीस. बोअरचं बाराशे येतं."

"आन् आदल्या दिवसाचं उरल्यालं?" प्रयागबाईनं विचारलं.

"ते गुलाबांना घालतो. वाया जाऊ देत नाही."

"आमच्याकडचं साप पाटाचं पाणी पित्यात. युरिया विरघळल्यालं. आन् पळाय लागले की कुणाच्या बापाला घावत न्हाईत."

दिग्विजय हसला. अडाणी बाईला हसतात तसं हसला. संभाजी मात्र विरघळून गेला होता. तो बहिणीच्या कानाशी लागला, "आक्का, मुक्या जनावराला येवढा जपतोय. बायकोला किती जपंल."

देवानं अक्कल वाटली तेव्हा आपला भाऊ कुठल्या रांगेत उभा होता, असं प्रयागबाईच्या मनात आलं. सगळे दिवाणखान्यात परतले, पण ती स्वयंपाकघराकडं गेली. घर तिथंच कळतं.

थोरली सून राजलक्ष्मी भांडी विसळत होती. सातवा महिना, पाय सुजलेले. तिनं नळाखाली पेला धरला आणि तोंडाला लावायला उचलला. नळाच्या तोंडाला पांढरा थर बसला होता.

"कुठलं गं हे पाणी?"

"बोअरचं. तुमाला बाटली देऊ का? पाव्हण्यांसाठी आणल्यात."

"तू कुठलं पितीस?"

"हेच की."

"घरात येवढं मशीन हाय."

"ते भावजींच्या खोलीत हाय," राजलक्ष्मी म्हणाली. "सापाचं." देवघरातल्या वस्तूबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणाली.

प्रयागबाईनं तिच्या हातातला पेला घेऊन घोट चाखला. मचूळ, खारट. तेवढ्यात दिग्विजयची आई आत आली आणि कौतुकानं सांगू लागली, "आमाला सवय झालीय. डॉक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या, हिला फिल्टरचं द्या. पण दिग्विजयला त्या खोलीत कुणी शिरल्यालं चालत न्हाय. साप बिचकत्यात."

साप बिचकतात. प्रयागबाईचं टाळकं सरकलं. आधी साप, मग गुलाब, आणि पोटुशी सून कुठं, तर बोअरच्या नळाखाली. वर या बाईला त्याचं कौतुक. या घरात माधवी आली तर तिचा नंबर कितवा लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिनं ओट्यावरचा तांब्या उचलला, सरळ सापाच्या खोलीत गेली आणि मशीनखाली धरला. साप जागचे हलले नाहीत. दिग्विजय "अहो, अहो" करत मागं आला, तोवर ती भरला तांब्या घेऊन दिवाणखान्यात पोचली होती. तिनं राजलक्ष्मीला हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर तांब्या तिच्या हातात दिला.

"पी, बाळ. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यालं फिल्टरचं पाणी हाय."

राजलक्ष्मीनं तांब्या धरला. तोंडाला लावला नाही. तिनं आधी सासूकडं पाहिलं, मग दिराकडं, मग खाली फरशीकडं.

"प्या ना, वहिनी. मी कधी नाही म्हटलं का?" दिग्विजय म्हणाला.

तरी ती तशीच उभी राहिली. तांब्या कलून थोडं पाणी फरशीवर सांडलं, तशी ती घाईघाईनं पदरानं पुसायला वाकू लागली. तिला वाकताही येईना.

"मला तहान न्हाय लागली," ती हळूच म्हणाली.

प्रयागबाई बोलायला तोंड उघडणार, तोच संभाजी सोफ्यातून उठला. इतका वेळ ज्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं, त्या माणसाचा चेहरा उतरला होता.

"येतो आमी, आप्पासाहेब. पोरगी द्यायची न्हाय."

आप्पासाहेबांनी कारण विचारलं. संभाजीनं राजलक्ष्मीच्या हातातल्या, तिनं अजून तोंडाला न लावलेल्या तांब्याकडं नुसतं बोट केलं.