आधीची कोझुए

"काढा ते नाव! आजच्या आज काढा," मी पुन्हा म्हणाले, तेव्हा इवामुरा सेन्सेईंनी, म्हणजे झाडांना नावं देणाऱ्या आमच्या गुरुजींनी, हातातलं भिंग टेबलावर आपटलं.

"तोमिए आजी, नाव टिकवा म्हणून लोक माझ्या पाया पडतात, आणि तुम्ही पुसायला भांडताय? तुमच्याच लेकीचं नाव आहे ते!"

"म्हणूनच भांडतेय. परक्या पोरीसाठी डोंगर उतरून यायला मला काय वेड लागलंय?"

टेबलावर वाळवलेल्या रोपांचे दोन कागद शेजारी शेजारी होते. एकावरचं रोप मी नियोदो नदीवरच्या कड्यातून आणलेलं, माझी सात वर्षांची कोझुए जिथून पडली त्याच कपारीतलं. तसलं झाड कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून सेन्सेईंनी त्याला तिचं नाव दिलं. दुसरं नुकतंच उत्तरेकडच्या बेटावरून आलेलं. पानं वेगळी, फूल वेगळं, आणि नाव मात्र तेच, तिकडच्याच कुणा दुसऱ्या कोझुएवरून, माझ्या कोझुएच्या जन्माआधी कितीतरी वर्षं दिलेलं. शास्त्राचा नियम सरळ आहे: एका नावाची दोन झाडं निघाली तर नाव आधीच्याचं, नंतरच्यानं नवं घ्यायचं. पण सेन्सेई माझ्या मायेपोटी नावं ठरवणाऱ्या मोठ्या मंडळाकडे अर्ज करून आमच्या रोपाचं नाव राखायला निघाले होते.

"असं झालं तरी काय?"

मी सांगितलं. रोज सकाळी भाताची पहिली वाटी तिच्या फोटोपुढे ठेवून, घंटी वाजवून मी तिला नावानं हाक मारते, आणि इतकी वर्षं त्या भाताची वाफ फोटोकडे झुकायची. हा दुसरा कागद इथे आला त्या सकाळी वाफ दाराकडे वळली. मग वाटी रिकामी सापडू लागली. आता हाकेला ओ येते.

"मग बरंच की," सेन्सेई म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"माझी सात वर्षांची होती हो. ओ देते ती म्हातारी आहे. माझी पोर फिरकत नाही आता, तिची वाटी दुसरीच खाते. दोघींची नावं वेगळी करा, म्हणजे नव्या नावानं हाक मारली की माझी तरी मला मिळेल."

सेन्सेईंनी पेन्सिल उचलली आणि ते स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "मनाचे खेळ आहेत हे सगळे! बरं, सांगा नवं नाव. जरा मोठ्यानं, मला ऐकू कमी येतं."

मी त्यांच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली.

"लिहून देते, आणि तुम्हीही तोंडानं वाचू नका, ती म्हातारी माझ्याबरोबर बसनं आलीय, बाहेर बाकावर बसलीय."