निंबोळीचा कप्पा

साहेब, माझ्या मायच्या पोटात जे गेलं ते तुम्ही घातलं. माझाही हात त्यात होता, ते लपवणार नाही, पुढं सांगतोच. पण आधी तुमचं नाव घ्यायला पाहिजे आणि ते मला माहीत नाही. तुमच्या स्पर्धेच्या समितीच्या कागदावर सही आहे, गांडूळ पडल्यासारखी. खाली नाव नाही.

माझं नाव प्रेमानंद. सेनगावात बसस्टँडच्या मागं मिक्सर, पंखे, गिझर दुरुस्त करतो. दहावी नापास. मागच्या वर्षी तुमची स्पर्धा निघाली. घरगुती उपकरण बनवा, विषय कॉफीच्या चोथ्याचा पुनर्वापर. कॉफीचा! आमच्याकडं कॉफी म्हणजे लग्नात कागदी कपातून मिळणारा फेस. त्याला चोथाच नसतो. मी हिंगोलीला येऊन तुम्हाला विचारलं, "साहेब, चहाचा चोथा चालंल का? तो घरोघरी हाय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "विषय वाचता येतो ना?"

वाचता येतो. म्हणून हिंगोलीत एक नवं कॉफीचं दुकान झालंय तिथून बादलीनं चोथा आणायला लागलो. एसटीत बादली पायाशी धरून बसायचो. कंडक्टर म्हणायचा, "मिस्त्री, काय जाळून आणलं हो? आख्खी गाडी वास घेऊन राहिली."

ओला चोथा दोन दिवसांत बुरसतो. तेव्हा तो लवकर सुकवणं हेच खरं काम होतं. स्टीलच्या डब्याला जीपच्या वायपरची मोटर बसवली. ती हळू चालते, चोथा सारखा हलवत राहते. गरम हवेसाठी हेअर ड्रायरची कॉइल लावली. खाली जाळी पाहिजे होती, ती डीजेच्या फुटक्या स्पीकरची काढली, सहा कोनांच्या भोकांची. पाऊण तासात चोथा खडखडीत. जाळीला पापुद्रा धरायचा, तो चुरला की भुगा.

तो भुगा दीक्षा बराच वेळ बोटांत चोळत बसली. दीक्षा माझी बायको, अंगणवाडीत मदतनीस. लेकरं काय काय तोंडात घालतात ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"अहो, हे तर चहापत्तीवानी दिसून राहिलं."

"मग?"

"मग काय मग? उद्या कोन्ही डब्यात भरून ठिवलं, कोन्ही उकळून पेलं, तर? ह्याला कडू करा. असं कडू, की जिभंवर पडलं की थुकलंच पाहिजे."

कप्पा तिच्या डोक्यातून निघाला, साहेब. मशीनच्या अंगाला एक छोटा कप्पा, त्यात निंबोळी पेंड भरायची. डबा फिरला की पेंड आपोआप चोथ्यात पडणार. कुंडीतल्या झाडाला खत म्हणून झकास, माणसाच्या तोंडाला जहर. कप्पा रिकामा असला की मोटर सुरूच होत नव्हती. तेवढी कारागिरी माझी. मी स्वतः चाखून बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गूळ खात बसलो. दीक्षा हसून हसून लोळली.

मशीन घेऊन तुमच्यासमोर आलो तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल लावला. "हा शेतातला वास घरात कोण सहन करणार? हे काढा. भुगा स्वच्छ मिळाला पाहिजे."

मी दीक्षाचं म्हणणं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "भुग्याचं काय करायचं ते वापरणारा ठरवील. आठवड्यात काढून आणा. नाहीतर दुसऱ्या नंबरचा माणूस बाहेर बसलाच आहे." सेनगावचा शिवशंकर हॉटेलवाला त्या दिवशी माझं मशीन उचलायला सोबत आला होता. त्यानंही हे ऐकलं. ध्यानात ठेवा.

घरी आलो. दीक्षा भाकरी थापत होती. मी पाना काढला तेव्हा तिनं परातीतून हात काढला नाही, नुसतं म्हणाली, "काढू नका."

"नंबर जाईल."

"जाऊ द्या की."

चार बोल्ट होते. काढले. जिथं कप्पा होता तिथं चौकोनी भोक राहिलं, त्यावर पत्रा मारला, रंग दिला. पहिला नंबर आला. शाल, फोटो. फोटोत तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलाय आणि मी दात काढतोय. दीक्षा कार्यक्रमाला आली नाही. मी लोकांना सांगितलं, अंगणवाडीत काम आहे.

पहिलं मशीन तुमच्याच सांगण्यावरून प्रात्यक्षिकासाठी शिवशंकरच्या हॉटेलात ठेवलं. वाटपासाठी आणखी दहा बनवायची ऑर्डर दिलीत. मी कामाला लागलो.

माझी माय, जनकाबाई, पुसेगावात राहते. दिवसाला सहा कप चहा पिणारी बाई. दोन महिन्यांपासून तिचं पोट बिघडलेलं. मळमळ, जळजळ, भाकरी पुढून सारायची. मी जायचो आणि तिच्यावरच खेकसायचो. "शिळंपाकं खातीस, दुसरं काय व्हनार?" ती वाळून निम्मी झाली.

मागच्या रविवारी गेलो तर तिनं चहा टाकला. म्हणाली, "पत्तीत जीवच न्हाई राहिला रं. रंग बघ कसा लालबुंद, अन् चव पान्याची. दोन चमचे जास्त टाकावं लागतंय."

डबा मी हातात घेतला. बाजारातली सुटी, स्वस्त पत्ती. चमचा तळाला घातला तर नखाएवढा एक पापुद्रा वर आला. उजेडात धरला. त्यावर सहा कोनांचे उंचवटे होते.

स्पीकरच्या त्या जाळीचं मशीन एकच आहे, साहेब. बाकी दहाला मी नवी गोल भोकांची जाळी लावलीय.

चिमूटभर पत्ती थंड पाण्यात टाकली. पाणी लगेच लाल झालं; खरी पत्ती थंड पाण्यात असा रंग सोडत नाही. मायनं विचारलं, "काय बघून राहिला?" मी म्हणालो, "काही न्हाई." आणि तिच्यासमोर तिच्या हातचा तो चहा पिऊन टाकला. काहून प्यालो, सांगता येत नाही.

तिथून तडक शिवशंकरकडं. तो गल्ल्यावर बसून दात कोरत होता.

"या मिस्त्री! तुमचं मशीन म्हंजे सोनं हाय, सोनं."

"काय सुकवतो यात?"

"सेनगावात कॉफी कुठून आणू? चहाचा चोथा रोज चार बादल्या निघतो, आजूबाजूच्या हॉटेलांचा बी आणतो. सुकवायचा, जरा रंग मारायचा, पत्ती म्हनून बाजारात सोडायचा. मशीनला काय कळतंय, चहा हाय का कॉफी?"

"लोकांच्या पोटात जाऊन राहिलं ते!"

"तुमच्यासमोरच साहेब बोलले ना? वापरणारा ठरवील. मी वापरणारा. ठरवलं." वर हसला. "बसा, पेशल चहा सांगतो. पेशलला ती पत्ती नसती."

मी वायर उपटली, मशीन खांद्यावर घेतलं. मागून तो ओरडला, "एक न्याल हो! दहा येऊन राहिले की!"

घरी दीक्षानं मशीन बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितल्यावर एवढंच बोलली, "मायला तुमी सांगता का मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी मायला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालं असं खात्रीनं सांगता येत नाही, पण ती पत्ती बंद करा. तुम्ही हे वाक्य धराल, मला माहीत आहे. धरा. मी धरत नाही. बाहेर बाकावर मी मायला सांगितलं. कप्पा, पेंड, चार बोल्ट, सगळं.

ती म्हणाली, "म्हंजे दोन महिने मी तुझ्याच मशीनीतलं पिऊन राहिली? मंग मला शिळ्या भाकरीवरून काहून बोलत होता रं?"

मी म्हणालो, "माय, साहेबानं काढायला लावलं."

"साहेबानं सांगितलं. पाना कोनाच्या हातात होता?"

माझ्या, साहेब. माझ्याच हातात होता. त्या पत्तीचे किती डबे बाजारातून किती घरांत गेले, कुणाची माय वाळली, कुणाच्या लेकरानं दुधात घालून पिलं, हे मला कळणार नाही. हे माझ्या मानेवर आहे आणि मी ते तुमच्यावर टाकत नाही. पण तुमच्या मानेवरचं तुम्ही घ्या.

दहा मशीन दुकानात तयार आहेत. वाटप चौदा तारखेला, असं तुमचं पत्र आहे. मी दहाही मशीनचा पत्रा कापला आणि कप्पे बसवले, दीक्षानं स्वतः पेंड भरून एकेक तपासला. तुमच्या ऑफिसला तीनदा आलो. बाबू म्हणतो, मंजूर झालेलं डिझाइन बदलता येत नाही, मशीन परत पहिल्यासारखी करून द्या, नाहीतर नंबर रद्द.

करा रद्द. शाल या कागदासोबत पाठवतोय. कप्प्याशिवाय एकही मशीन माझ्या दुकानाबाहेर जाणार नाही. पण डिझाइनचा कागद तुमच्याकडं आहे. उद्या दुसऱ्या मिस्त्रीकडून तुम्ही शंभर बनवून घ्याल, त्याला मी आडवा येऊ शकत नाही. म्हणून लेखी विचारतो. निंबोळीचा कप्पा परत बसवणार का नाही? आणि बसवणार नसाल, तर त्या भुग्याचं लोक काय करतील असं तुम्हाला वाटलं होतं?

चौदा तारखेच्या आत उत्तर द्या. सही करा, आणि या वेळी खाली नाव लिहा.