बेलाच्या तीर्थाचा पुरावा

कानडी मुलखातल्या आमच्या मळमड्डी भागात चेतनच्या सायबर कॅफेसमोर दर गुरुवारी रांग लागायची. नेट बघायला नाही, अप्पाजी नावाच्या बाबांच्या वेबसाइटचं पान छापून घ्यायला. बेलाच्या तीर्थानं मधुमेह मुळासकट जातो, असं त्यावर लिहिलेलं. बायका ते पान लॅमिनेट करून देवघरात ठेवत, वर हळदीकुंकू वाहत. साल २००४. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसानं हे किती दिवस बघायचं? मला वीट आला होता.

अप्पाजींचा शिष्य पुंडलिक दारातच उभा असे. एकदा तो रांगेतल्या एका बाईला म्हणाला, "अक्का, इंटरनेटवर खोटं चालत नाही. अमेरिकेतले कॉम्प्युटर आधी तपासतात, मगच सोडतात. तीर्थातल्या स्पंदनानं रक्तातली साखर शांत होते, हे सिद्ध झालंय."

"साखर काय भांडत होती होय रे?" मी विचारलं. कुणी हसलं नाही.

एरवी मी घरची वाट धरली असती. पण रांगेत शेजारच्या गोदूअक्का होत्या, पायाला फडकं गुंडाळून. तीर्थापायी त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. पायाची जखम काळी पडत चालली होती, आणि असंच राहिलं तर पाय जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अक्का, इंजेक्शन का सोडलंत?"

"आमच्या पल्लवीनंच लिहिलंय की, सर. पोटच्या पोरीवर पण विश्वास ठेवू नको?"

पल्लवी एम.एस्सी.ला होती. तिला बोलावून कॉम्प्युटरपुढं बसवलं. अप्पाजींच्या पानाच्या तळाशी निळ्या अक्षरांत 'शास्त्रीय पुरावा' असं होतं. तिनं त्यावर क्लिक केलं, तर कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवलेला तिचाच शोधनिबंध उघडला.

"हा माझाच आहे, सर. सेमिनारात बक्षीस मिळालं होतं."

"तुला हे कुठून कळलं?"

तिनं निबंधाची तळटीप वाचली. "अप्पाजींच्या वेबसाइटवरून."

"एका तरी माणसाची साखर मोजलीस?"

"नाही. तिथं आकडे होते, तेच घेतले."

"अय्यो सर, पण दोन ठिकाणी छापलंय म्हणजे..." पुंडलिक मध्ये पडला.

"म्हणजे उंदराला मांजर साक्ष," मी म्हटलं. "तुमचा पुरावा ही, हिचा पुरावा तुम्ही. तपासलं कुणीच नाही. वेबसाइट कुणीही काढतं बाबा. तुमच्या अप्पाजींनी काढली, तीर्थाच्या बाटल्याही तेच विकतात."

गोदूअक्का लेकीकडं वळल्या. "तू तपासलंच नव्हतंस?"

"नाही गं, आई."

दवाखान्यात जायला रिक्षा बोलव, असं अक्का चेतनला कन्नडमध्ये म्हणाल्या.

पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. पल्लवीनं निबंध मागं घेतला. पुढच्या गुरुवारी रांग थोडी लहान होती, एवढंच. मला आता भांडायचं त्राण नाही, म्हणून शांतपणे सांगतो. पान कुणी लिहिलंय, त्याला ते कशावरून कळलं आणि त्यात त्याचा फायदा काय, एवढं विचारा. लिहिणारी पोटची पोरगी असली, तरी विचारा.