ओढीवर कापणारी करवत

गल्लीत त्याला सगळे शेंडा म्हणत, कारण ऐन उमेदीत तो झाडाच्या शेंड्याला हात लावल्याशिवाय खाली उतरत नसे. फांद्या छाटणं हाच त्याचा धंदा. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपावर, नंतर दोरावर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झाडावर पुन्हा चढायचं नाही म्हणून बजावलं.

तेव्हा त्याने लांब दांड्याची करवत आणली. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, त्या हव्या त्या लांबीवर घट्ट धरणारे खटके आणि टोकाला वाकडं पातं. पात्याच्या बुडाशी एक आकडा, अडकलेली फांदी ओढून काढायला. शेजारी दोरीने मिटणारी कात्री. दोरी सोडली की स्प्रिंग तिला पुन्हा उघडायची.

"जमिनीवर पाय ठेवून काम," तो बायकोला म्हणाला. "म्हातारपणी आणखी काय पाहिजे?"

पण नळ्या पूर्ण ओढल्या की हाताची थरथर टोकाला जाईपर्यंत कितीतरी वाढायची. पातं सालीवर नुसतं नाचायचं, खाच काही पडायची नाही. एका दुपारी त्याने करवत गवतात टाकली आणि झाडाकडे पाठ करून बसला. बायको पडलेल्या फांद्या गोळा करत होती. तिने करवत उचलली.

"अगं, राहू दे. जड आहे ती."

"घरात पाण्याच्या बादल्या काय तुम्ही उचलता?"

ती जोर लावून ढकलायला लागली. पातं वाकलं.

"ढकलू नकोस. दाते आपल्याकडे वळलेले आहेत, ओढताना कापतात. जाताना नुसतं सरकू द्यायचं."

"म्हणजे तुमच्यासारखीच. ढकलून हलत नाही, ओढून न्यावी लागते."

तो बऱ्याच दिवसांनी हसला.

ती भराभर शिकली. जाड फांदीला आधी खालून खाच घ्यायची आणि मग थोडं पुढे सरकून वरून कापायचं, हे त्याने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं. खालची खाच नसेल तर फांदी अर्धवट मोडते, साल सोलत लटकते आणि झोका घेऊन आपल्याच अंगावर येते. कापताना डोळ्यात भुसा जायचा, म्हणून ती मान खाली घालून ओढायची. तो बाजूला उभा राहून वर बघायचा आणि सांगायचा, थांब, डावीकडे घे, मागे हो. दोघांचा मिळून एक धड कामगार झाला होता.

मग त्याचा आवाज बसायला लागला. सर्दी असेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. डॉक्टर म्हणाले, हाही त्याच दुखण्याचा भाग, मोठ्याने बोलायचा सराव ठेवा. तेव्हापासून तो रोज सकाळी बाहेरच्या खोलीत बसून पेपर मोठ्याने वाचायचा.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय की," ती स्वयंपाकघरातून म्हणायची. प्रश्नच तेवढा कानावर आलेला असायचा, तोही अंदाजाने.

लाँड्रीच्या मागच्या आवारात एक जाड फांदी पत्र्यावर आली होती. आत मशिनी घरघरत होत्या. लाँड्रीवाल्या बाईने वाळत घातलेल्या चादरी काढून जागा करून दिली. लाकूड कठीण निघालं. खालून ओढता ओढता तिचे दंड भरून आले आणि तिने पातं वर नेलं.

"खाच उथळ आहे. अजून घे," तो म्हणाला.

तिने घाम झटकायला मान हलवली. त्याला वाटलं, तिने ऐकलं.

वरचा काप निम्मा झाला आणि कडकड आवाज आला. साल सोलत निघालेली त्याला दिसली. त्याने सगळा जीव एकवटून हाक मारली. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि नुसती हवा बाहेर पडली. फांदी झोका घेऊन तिच्या उजव्या खांद्यावर आली. तो धावायला गेला, तर पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले. लाँड्रीवाली बाई दारातून पळत आली, ती त्याच्या आधी पोचली.

हाड जुळलं. नसा मात्र गेल्या, हात लोंबकळत राहिला. लेक गावाहून आली, ती दवाखान्यातच बापावर चिडली.

"बाबा, समोर उभे होतात ना? ओरडला का नाहीत?"

त्याचे ओठ हलले.

"ओरडले ते," बायको म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

लेक औषधं आणायला गेली. तो खुर्ची ओढत बायकोच्या उशाशी आला, अगदी कानाशी वाकला.

"सकाळचं वाचलेलं तुला खरंच ऐकू यायचं?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तो तसाच वाकून राहिला, मग हळूहळू मागे टेकला.

आता तो कधी दुपारी डोळा लागला की झोपेत ओरडतो. खणखणीत, पूर्वीसारखा, शेजारचे खिडकी उघडून बघतात एवढा. जागा झाला की पुन्हा काही नाही. पेपर त्याने बंद करायला लावला.

लेक महिनाभर राहून परत गेली. जाताना तिने खोलगट ताटल्या आणून ठेवल्या. त्याचा चमचा तोंडाशी येईपर्यंत निम्मा सांडतो, बायकोच्या डाव्या हाताला अजून घास नीट जमत नाही. एकमेकांना भरवूनही पाहिलं, पण त्यात दोघं उपाशी राहिले. आता जो तो आपापलं जेवतो. ताटं उचलेपर्यंत दुपार टळून गेलेली असते, आणि भात कधीच गार झालेला असतो.